तानपुऱ्याची जोडाची तार सारखी तुटते? नवी तार आणण्याआधी मोजपट्टी आणा

चार महिन्यांत सहा तारा गेल्या. सगळ्या जोडाच्या, म्हणजे चार तारांतल्या मधल्या, सा ला लावायच्या दोन. कडेच्या दोन, पंचम आणि खर्ज (खालचा सा), जागच्या जागी, आणि मधल्या दोघींपैकी एक तरी दर पंधरा-वीस दिवसांनी टण्णकन जायची. बहुतेक वेळा लेक रियाजाला बसून पहिला सा लावते न लावते तोच. एकदा तुटलेल्या तारेचं टोक तिच्या मनगटाला लागलं, तेव्हा मी या प्रकरणात डोकं घातलं.

तानपुरा काकांचा. मिरजेत बनलेला, भोपळा चांगला मोठा, गवसणीत घातला तरी दारातून तिरका करून न्यावा लागतो. काका काळी एकमध्ये गायचे, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर. लेक काळी चारमध्ये गाते. जाणकारांना एवढ्यावरच उत्तर कळलं असेल. मला कळायला वेळ लागला, कारण ज्याला विचारावं तो तारेबद्दलच बोलायचा. एका दुकानात सांगितलं, जाड तार लावा. ३० नंबरच्या जागी २९ लावली, आठ दिवसांत तुटली. दुसरीकडे ऐकलं, बारीक लावा, ताण कमी पडतो. थेट ३५ नंबर आणली, तीही गेली. तिसरा सल्ला भारी किमतीच्या तारेचा. ती महिनाभर टिकली, म्हणून काही दिवस मी तोच उपाय समजत होतो.

हाच त्रास असणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने शोध घ्यावा ते सांगतो. माझा क्रम उलटा होता, म्हणून इतक्या तारा गेल्या.

आधी सप्तक बघा

हे फार बाळबोध वाटेल, पण नव्याने तानपुरा लावणाऱ्यांच्या कितीतरी तारा याच चुकीने जातात. काळी एकचा तानपुरा म्हणजे जोडाच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये हा स्वर सी शार्प ३ असा दिसतो. त्याच्या वरच्या सप्तकातला सी शार्प ४ म्हणजे २७७ हर्ट्झ. ट्यूनर नुसतं 'सी शार्प' दाखवत असेल आणि तुम्ही पेटीच्या मधल्या सप्तकातली काळी एक दाबून तिच्याशी तार जुळवत असाल, तर तुम्ही दुप्पट वरच्या स्वराकडे निघाला आहात. मोठ्या तानपुऱ्यावर तो स्वर लागणारच नाही, त्याआधी तार तुटेल. बास-मेल सुरांच्या पेटीत तर एका पट्टीला दोन सप्तकं एकदम बोलतात, आणि कान त्यातलं वरचं पकडून बसतो.

तपासायची सोपी रीत: खुंटी पिळताना तार बोटाला सळईसारखी कडक लागायला लागली आणि ट्यूनरचा काटा अजून खालीच असला, तर थांबा. खालचं सप्तक मागे टाकून पुढे गेला आहात का ते बघा.

आमच्याकडे ही चूक नव्हती. लेकीचा सा काळी चारचा, म्हणजे २०८ हर्ट्झ, आणि जोड बरोबर तिथेच लावलेला होता.

जाडीने का फरक पडला नाही

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: बोलणारी लांबी, ताण आणि तारेचं वजन. मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ मध्ये हे नियम छापले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून वाद्यं बनवणाऱ्यांच्या हातांना ते ठाऊक होते. आपल्याला त्यातला एकच भाग हवा. लांबी तीच ठेवून स्वर दीडपट करायचा, म्हणजे सा वरून प वर न्यायचा, तर ताण दीडपट होऊन भागत नाही. तो सव्वादोन पट होतो. काळी एक ते काळी चार हे अंतर नेमकं सा-प चं आहे.

आमच्या तानपुऱ्याचा हिशेब केला. बोलणारी लांबी जवळपास १०० सेंटीमीटर, तार ३० नंबरची, म्हणजे ०.३१५ मिलिमीटर जाड पोलाद. काळी एकला तिच्यावर पावणेपाच किलोच्या आसपास ताण येतो. काळी चारला तोच पावणेअकरा किलोच्या घरात जातो. दोन्ही जोडाच्या मिळून साडेएकवीस किलो, आणि तेही जिथे साडेनऊ किलो धरून बनवलेलं वाद्य आहे तिथे.

आता जाड तार लावली की काय होतं? ती मजबूत असते हे खरं. पण ती जडही असते, म्हणून त्याच स्वरावर आणायला तिला जास्त ताणावं लागतं. मजबुती जितक्या पटीने वाढली, ताणही नेमका तितक्याच पटीने वाढला. बारीक तारेचं याच्या उलट: ताण कमी, पण तो पेलायला पोलादही कमी. हिशेब दोन्हीकडून सुटतो. म्हणजे ठरावीक लांबीवर एका धातूची तार कोणत्या स्वराला तुटायच्या बेताला येईल, हे तारेच्या जाडीवर जवळजवळ अवलंबूनच नाही. फार बारीक पोलादी तार दर चौरस मिलिमीटरला थोडा जास्त ताण सोसते, तेवढाच काय तो फरक. मी ३० वरून २९ वर गेलो काय आणि ३५ वर गेलो काय, तुटण्याची रेषा जिथे होती तिथेच राहिली. भारी तार महिनाभर टिकली, कारण तिचं पोलाद खरोखर जास्त चांगलं होतं. पण तीही त्याच रेषेच्या काठावर बसलेली होती.

हे समजलं तेव्हा पहिल्यांदा दुकानदारांवरचा राग गेला. लांबी त्यांनी विचारली नव्हती, आणि मीही सांगितली नव्हती.

एक गुणाकार

तेव्हापासून मी वाद्य बघितलं की एक गुणाकार करतो. घोडीच्या (भोपळ्याच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात तिच्या) माथ्यापासून दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपर्यंतची लांबी मीटरमध्ये घ्यायची आणि तिला स्वराच्या हर्ट्झने गुणायचं. येणारा आकडा म्हणजे तारेला किती सोसावं लागतंय त्याची खूण.

काकांचा तानपुरा काळी एकला: १ गुणिले १३९, म्हणजे १३९. बायकांचा तानपुरा, बोलणारी लांबी साधारण ८० सेंटीमीटर, काळी चारला: १६६. सतार, लांबी साधारण ८८ सेंटीमीटर, सा काळी एक आणि बाजाची (मुख्य) तार मध्यमाला म्हणजे १८५ हर्ट्झ: १६३. तीन वेगवेगळी वाद्यं, आणि आकडे १४० ते १६५ च्या आसपासच. हे काही योगायोगाने झालेलं नाही. कारागिरांनी लांब्या ठरवल्या त्या तारेला हेच सुख मिळावं म्हणून.

आता काकांचा तानपुरा काळी चारला: २०८.

यावर कुणी म्हणेल, गिटारची सगळ्यात बारीक तार ६५ सेंटीमीटरवर ३३० हर्ट्झला असते, तिचा आकडा २१४ येतो, ती कुठे रोज तुटते? व्हायोलिनची वरची तार साडेबत्तीस सेंटीमीटरवर ६५९ हर्ट्झला, तिचाही नेमका २१४. शंका रास्त आहे. पण गिटार आणि व्हायोलिनवाल्यांना विचारा कोणती तार सगळ्यात जास्त वेळा बदलावी लागते. शिवाय त्या तारा उच्च प्रतीच्या, त्यांच्या बैठका गुळगुळीत, आणि खुंटीला बारीक फिरवता येतं. आपल्याकडे लाकडी खुंटी कचकन एक घर पुढे जाते, तार वरच्या पट्टीच्या हाडाच्या धारेवरून वाकते, खाली सूर बारीक जुळवायच्या मण्यातून जाते, आणि शेवटी हाताने पिळलेल्या फासात अडकते. २०० च्या पुढे गेलेल्या तारेला यातला एक ओरखडा पुरतो.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: तानपुऱ्यावर पोलादी तार १७० पर्यंत निर्धास्त, १८५ ला सांभाळून, १९५ च्या पुढे गेलात तर सुट्या तारा बाळगाच. पितळेचा हिशेब वेगळा. पितळ पोलादापेक्षा जड आणि बरंच कमजोर. खर्जासाठी ते उत्तम, कारण तिथे आकडा ७० ते ८५ असतो. पण 'आवाज गोड येतो' म्हणून कुणी जोडाला पितळी तार लावली असेल, तर शोध तिथेच संपवा. ११० च्या पुढे पितळेवर भरवसा ठेवू नये.

युरोपात आतड्याच्या तारांच्या काळात ल्यूट शिकवणारी जुनी पुस्तकं सांगायची की सगळ्यात वरची तार तुटायच्या आत जितकी चढेल तितकी चढवा आणि बाकीच्या तिच्याशी जुळवून घ्या. स्वर ठरवायचं काम सरळ तारेवरच सोपवलेलं. आपल्याकडे स्वर गळा ठरवतो, म्हणून वाद्याची लांबी गळ्याप्रमाणे बदलावी लागते. पुरुषी आणि बायकी तानपुरा असे वेगळे आकार झाले ते यामुळे. पुरुषांचे सा साधारण पांढरी सात ते काळी दोनच्या आत, बायकांचे पांढरी चार ते काळी पाचच्या आत, आणि वाद्यं त्या दोन टप्प्यांसाठी घडवलेली.

आकडा ठीक आहे, तरी तुटते

मग तुटलेल्या तारेचे दोन्ही तुकडे हातात घ्या आणि नेमकी कुठे तुटली ते बघा. घाईत नवी तार चढवून जुनी केरात टाकू नका. सगळी माहिती तिच्यातच असते.

खुंटीजवळ तुटली असेल तर खुंटीच्या भोकाची कड धारदार झाली असेल, किंवा तार आत ओवताना तिला खोच पडली असेल. बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून कड मोडा. तारेचे तीन-चार वेढे सुबक, एकमेकांवर न चढता द्या.

दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीवर तुटली असेल तर तिथे तारेने खाच पाडली आहे. शिसपेन्सिल त्या खाचेत दोन-चारदा फिरवा. तार सरकती राहते, आणि लावताना जी 'अडून मग एकदम उडी' येते ती थांबते. ही उडी फार वाईट. त्या क्षणी तार आपल्या स्वराच्या वर जाऊन येते, आणि काठावरची तार तेवढ्यानेच जाते.

घोडीवर तुटली असेल तर मात्र हात लावू नका. घोडीच्या मागच्या कडेला धार आली असेल, किंवा जवारीवर (घोडीच्या माथ्याच्या उतारावर) तारांच्या रेघा खोल गेल्या असतील, पण जवारी घासणं हे घरचं काम नाही. मी एकदा 'थोडंसंच' म्हणून घासलं होतं. त्यानंतर ती पूर्ववत करायला कारागिराला अख्खी दुपार लागली, आणि तो काही बोलला नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं.

लंगोटापाशी (भोपळ्याच्या तळाशी तार अडकवतात तिथे), फासातच तुटली तर पीळ चुकला आहे. दोन्ही पदर एकमेकांभोवती सारखे पिळले गेले पाहिजेत. एक सरळ आणि दुसरा त्याच्याभोवती गुंडाळलेला असं झालं की सगळा ताण एका वाकावर येतो. मण्याजवळ तुटली तर मण्याच्या भोकात बोट घालून काही कळत नाही, बारीक सुई फिरवून बघा. आणि नवी तार चढवताना मणी मध्यावर ठेवा, म्हणजे बारीक सूर जुळवायला दोन्ही बाजूंना जागा राहते. एका टोकाला ठेवलेला मणी तुम्हाला पुन्हा खुंटीकडेच पाठवतो.

मध्येच कुठेतरी तुटली आणि टोकाशी तांबूस काळपट दिसतंय? गंज. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बाकी काही बघायलाच नको. रियाज झाला की कोरड्या सुती फडक्याने तारा खालून वर पुसा, गवसणी दमट असेल तर आधी वाळवा.

उलटा त्रास: तुटत नाही, फडफडते

हाही तितकाच नेहमीचा. घरात बायकांचा तानपुरा आहे, मुलाचा आवाज फुटला, आता तो काळी दोनला गातो. तानपुरा काळी चारवरून काळी दोनला उतरवला की तारा सैल पडतात, खर्ज नुसता फडफडतो, आणि जवारीचा सूत (तार आणि घोडीच्या मधला दोरा) कितीही वरखाली केला तरी तो झंकार उमटत नाही. तारेचं घोडीच्या उतारावर टेकणं-सुटणं ही तानपुऱ्याची सगळी जादू, सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीवर लिहिलं होतं. ढिली तार जास्त झोके घेते, त्या उतारावर बसायच्या ऐवजी आपटते.

आणि इथे मात्र जाडीचा उपयोग आहे. वरच्या बाजूला जाडी कामाची नाही, खालच्या बाजूला तीच औषध. काळी चारवरून काळी दोनला उतरताना पहिल्याइतका ताण हवा असेल तर तार एक-तृतीयांश जाड लागते: ३२ नंबर ०.२७४ मिलिमीटरची, तिच्या जागी २८ नंबर, ०.३७६ मिलिमीटर. चारही तारा त्याच प्रमाणात जाड करायच्या. नुसते जोड बदलून खर्ज तसाच ठेवला की तानपुरा लंगडा वाजतो. मी तर एकदम २८ ला न जाता आधी २९ लावून ऐकेन, कारण फार जाड तार छोट्या तानपुऱ्यावर ठोकळ्यासारखी बोलते. तारा बदलल्या की जवारी पुन्हा बघून घ्यावी लागते, तो खर्च धरूनच चाला.

मधल्यामध्ये अडकलेले

सगळ्यात कुचंबणा काळी दोन आणि पांढरी तीनवाल्यांची. मोठ्या तानपुऱ्याला हे स्वर वरचे, छोट्याला खालचे. मोठ्यावर पांढरी तीनला आकडा १६५ येतो, म्हणजे तार टिकते. पण दांडी आणि तबलीवरचा (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरचा) ताण काळी एकच्या मानाने चाळीस टक्क्यांनी वाढतो. इथे एक नंबर बारीक तार लावणं शहाणपणाचं. तार वाचवायला नव्हे, तबली वाचवायला. तबली घोडीखाली दबली की वाद्य आतून बसतं, आणि ते दुरुस्त करणं म्हणजे तानपुरा उघडणं.

घोडी वर सरकवून लांबी कमी करा, असंही कुणी सुचवतं. गणित करून बघा: एकच पट्टी (पेटीवरचा लगतचा सूर) चढवायला १०० सेंटीमीटरमधले साडेपाच कमी व्हावे लागतात, दोन पट्ट्यांना अकरा. घोडी अकरा सेंटीमीटर सरकवली तर ती तबलीवर भलत्याच जागी जाऊन बसेल. कारागीर बोट-दोन बोटं हलवून देतात ते जवारीसाठी, पट्टी बदलण्यासाठी नाही.

नवा तानपुरा सांगणार असाल तर 'लेडीज' किंवा 'जेंट्स' एवढंच सांगून थांबू नका. गाणाऱ्याची पट्टी सांगा, आणि बोलणारी लांबी किती ठेवणार ते विचारा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बातम्यांमध्ये भोपळ्याबद्दल आणि कोरीव कामाबद्दल भरपूर वाचलं. लांबीबद्दल ओळ दिसली नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र पहिला प्रश्न तोच. आणि मुलांसाठी घेत असाल तर आवाज फुटेपर्यंत थांबायला हरकत नाही. तोवर यंत्रावरचा तानपुरा चालतो, कुणी काही म्हणो.

आमच्याकडे शेवटी असं झालं. काकांचा तानपुरा पुन्हा काळी एकला आणला, ३० नंबरच्याच तारा लावून. कारागिराकडून जवारी नीट करून घेतल्यावर पहिल्यांदा छेडला तेव्हा घरातलं सगळं माणूस हातातलं काम टाकून दारात आलं. चार महिने तो बिचारा ओरडत होता, बोलत नव्हता. आता चुलतभाऊ आला की तो घेऊन बसतो. लेकीसाठी ७९ सेंटीमीटर लांबीचा जुना बायकी तानपुरा मिळाला. आकडा १६४. आठ महिन्यांत एक तार गेली, तीही फासातून, आणि तो फास मी पिळलेला होता.

३५ नंबरच्या तारेची जवळजवळ अख्खी गुंडाळी उरली होती. सतारीच्या तरफांना (मुख्य तारांखालच्या झंकारणाऱ्या तारांना) ती जाडी बरोबर चालते, म्हणून शेजारच्या मुलाला देऊन टाकली.